एकट्या डॉक्टरचा दवाखाना

गावात डॉक्टर निवडण्याची रीत ठरलेली आहे. त्यांच्या हाताला गुण आहे, असं चार जणांनी सांगितलं की पाचवा तिथेच जातो. ताप उतरला, खोकला थांबला, लेकरू पुन्हा भाकरी मागायला लागलं, की डॉक्टर चांगले. कसोटी अगदीच टाकाऊ नाही. अडचण एवढीच की साधा ताप आणि सर्दी-खोकला बहुधा आठवडाभरात आपणहून जातो, त्यामुळे चांगल्या डॉक्टरचा आणि सुमार डॉक्टरचा निकाल पुष्कळदा सारखाच लागतो. फरक पडतो तो मोजक्या पेशंटमध्ये. कुणाची कावीळ तीन महिन्यांनी उगवते, कुणाला दिलेली लस लागूच पडत नाही, कुणाच्या छातीतलं दुखणं ‘गॅस’ म्हणून परत पाठवलेलं असतं. यांतलं काहीही ज्या दिवशी चुकलं त्या दिवशी दिसत नाही.

मोठ्या हॉस्पिटलात एकाचं काम निदान दुसऱ्याच्या नजरेखालून जातं. डॉक्टरांनी लिहिलेला डोस सिस्टर वाचते, फार्मासिस्ट वाचतो, संध्याकाळच्या राउंडला दुसरा डॉक्टर वाचतो. गावातल्या दवाखान्यात एक डॉक्टर आणि एक कंपाउंडर. कंपाउंडर बहुधा इथेच काम शिकलेला असतो, त्याचा पगार डॉक्टरांच्या खिशातून येतो, आणि ‘डॉक्टर, ही सुई मघाचीच आहे’ असं तो म्हणेल ही अपेक्षा जरा जास्तच आहे.

कायद्याची नजरही इथवर पोचत नाही. महाराष्ट्रात खाजगी रुग्णालयांसाठी १९४९ चा शुश्रूषागृह नोंदणी कायदा आहे. त्याच्या नियमांत २०२१ मध्ये दुरुस्ती झाली आणि रुग्णहक्कांची सनद, दरपत्रक अशा गोष्टी आल्या. पण हा कायदा खाटा मोजतो. ज्याच्याकडे पेशंट दाखल होत नाहीत, तो त्याच्या कक्षेबाहेर. केंद्राने २०१० मध्ये केलेला वैद्यकीय आस्थापना कायदा साध्या दवाखान्यांनाही लागू होतो, पण तो महाराष्ट्राने स्वीकारलेला नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रांना राष्ट्रीय गुणवत्ता मानकं आहेत, ‘कायाकल्प’चे गुण आहेत, मोठ्या हॉस्पिटलांना ‘एनएबीएच’चं प्रमाणपत्र आहे. खेड्यातले बहुतेक लोक ज्या खाजगी दवाखान्याची पायरी आधी चढतात, तिथे डॉक्टरची नोंदणी असते, खोलीची नसते. आत काय चालतं हे पाहायला कोणी येत नाही, अपवाद फक्त कचऱ्याचा. त्याकडे पुढे येऊ.

आधी सुई. भारतातल्या इंजेक्शनांची सर्वांत मोठी पाहणी २००३-०४ च्या सुमारास ‘इन्क्लेन’ या संशोधकांच्या जाळ्याने केली. वर्षाला सुमारे ३०० कोटी इंजेक्शनं, आणि त्यातली ६३ टक्क्यांच्या आसपास कुठल्या ना कुठल्या अर्थाने असुरक्षित, असा तिचा निष्कर्ष होता. काचेच्या सिरिंज तेव्हाच मागे पडू लागल्या होत्या आणि आज तर प्लास्टिकची ‘डिस्पोजेबल’ सगळीकडे आहे. म्हणजे प्रश्न सुटला, असं वाटतं. २००९ साली गुजरातेत तेव्हाच्या साबरकांठा जिल्ह्यातल्या मोडासा भागात हिपॅटायटिस बी ची साथ आली. शेकडो लोकांना कावीळ झाली, कित्येक दगावले. माग काढत गेल्यावर धागा पोचला तो पुन्हापुन्हा वापरलेल्या सिरिंजपर्यंत, आणि त्या डिस्पोजेबलच होत्या. २०१८ मध्ये उत्तर प्रदेशातल्या उन्नाव जिल्ह्यात बांगरमऊ इथे एचआयव्हीचे रुग्ण अचानक वाढले. तिथेही गावोगाव फिरून इंजेक्शनं देणाऱ्या एका बिनपदवीच्या माणसाच्या सुईवर बोट ठेवलं गेलं.

हिपॅटायटिस बी चा विषाणू चिवट आहे. कोरड्या पृष्ठभागावर तो किमान सात दिवस तग धरतो. बाधित रक्ताची सुई टोचली तर लस न घेतलेल्या माणसाला लागण होण्याची शक्यता ३० टक्क्यांपर्यंत जाते. एचआयव्हीच्या बाबतीत हाच आकडा ०.३ टक्के आहे. आणि टोचल्यापासून कावीळ दिसेपर्यंत दीड ते सहा महिने जातात. ज्येष्ठात सुई घेतलेल्या माणसाचे डोळे दिवाळीत पिवळे झाले, तर तो पाण्याला दोष देतो, लग्नातल्या जेवणाला देतो. दवाखाना त्याच्या मनातही येत नाही, आणि खरं सांगायचं तर डॉक्टरांच्याही येत नाही.

आज जाणूनबुजून तीच सुई दुसऱ्याला मारणारा पदवीधर डॉक्टर विरळा. घोटाळे होतात ते बारीक. सुई बदलली पण सिरिंज तीच ठेवली, हा त्यातला सगळ्यांत फसवा. दट्ट्या मागेपुढे होताना रक्ताचा अंश सिरिंजच्या नळीत येतो, तो डोळ्यांना दिसत नाही, आणि नव्या सुईतून पुढच्या माणसात जातो. दुसरा घोटाळा बाटलीचा. टाके घालताना जागा बधिर करण्यासाठी लिग्नोकेन लागतं, त्याची ३० मिलिची बाटली कितीतरी दिवस पुरते. तिच्या रबरी बुचात एक सुई कायमची खोचून ठेवली की औषध ओढायला सोपं जातं. पण ती सुई म्हणजे बाटलीला पाडलेलं उघडं भोक, आणि एकदा वापरलेली सिरिंज त्या सुईला लागली की सगळी बाटलीच संशयाची. नियम साधा आहे: दर वेळी नवी सुई, नवी सिरिंज, बूच स्पिरिटने पुसायचं, आणि बाटली उघडली ती तारीख तिच्यावर लिहायची. अशी बाटली कंपनीने वेगळं काही सांगितलं नसेल तर २८ दिवसांनी टाकून द्यायची. तारीख लिहिलेली नसेल तर २८ दिवस मोजणार कुठून? दवाखान्यात दुसरी नजर नाही, तिथे बाटलीवरची शाईची खूणच ते काम करते. पुढे येणाऱ्या जवळजवळ प्रत्येक गोष्टीत हाच मुद्दा आहे.

कंपाउंडरचं काय, हा प्रश्न कोणी विचारत नाही. वापरलेल्या सुईला दोन्ही हातांनी टोपण लावताना बोटात सुई जाते ती बहुधा त्याच्या. त्याला हिपॅटायटिस बी च्या लसीचे तीन डोस मिळालेत का, याचं उत्तर ज्या डॉक्टरांना पटकन देता येतं त्यांच्या दवाखान्याबद्दल मला आपोआप विश्वास वाटतो.

सर्वांत सुरक्षित सुई म्हणजे न दिलेली सुई. ‘डॉक्टर, एक सुई मारा, उद्या कामावर जायचंय’ हे वाक्य गावात ज्याने ऐकलं नाही असा डॉक्टर नसेल. मग डायक्लोफेनॅक, लाल बी-कॉम्प्लेक्स, कधी सोबत स्टेरॉइड. सकाळी अंग हलकं वाटतं आणि डॉक्टरांचा गुण पुन्हा एकदा सिद्ध होतो. सलाईनचंही तेच. ५०० मिलिच्या साध्या सलाईनमध्ये साडेचार ग्रॅम मीठ आणि पाणी असतं, ताकद शून्य. ग्लुकोजच्या त्याच आकाराच्या बाटलीत २५ ग्रॅम साखर, म्हणजे जेमतेम शंभर कॅलरी. गोड चहाचे दोन-तीन कप प्यायले तरी तेवढ्या मिळतात आणि शिरेत काही खुपसावं लागत नाही. ज्याला उलट्यांमुळे पोटात काही ठरत नाही, ज्याचा रक्तदाब ढासळलाय, त्याला सलाईन जीवदान देतं. अशक्तपणासाठी टांगलेली बाटली मात्र फक्त बिल वाढवते.

उपकरणं निर्जंतुक करण्याची गोष्ट ऐकून शहरी माणूस दचकतो, कारण कितीतरी छोट्या दवाखान्यांत हे काम प्रेशर कुकर करतो. त्यात दचकण्यासारखं काही नाही. निर्जंतुकीकरणाला वाफेचं १२१ अंश तापमान आणि किमान १५ मिनिटं लागतात. कुकरच्या पूर्ण दाबाखाली तापमान त्याच घरात जातं. गोम वेगळीच आहे. शिटी लावण्याआधी काही मिनिटं नुसती वाफ सुटू द्यावी लागते, नाहीतर आत अडकलेली हवा वाफेला कात्रीच्या सांध्यापर्यंत पोचू देत नाही. मिनिटं मोजायची ती पूर्ण दाब आल्यापासून. कुकर खच्चून भरायचा नाही. आणि ओलं कापड बाहेर काढून टेबलावर ठेवलं की हवेतले जंतू त्यातून पुन्हा आत शिरतात. हे सगळं पाळणारा कुकर, काही न पाळणाऱ्या महागड्या ऑटोक्लेव्हपेक्षा बरा.

नुसतं पाण्यात उकळणं मात्र पुरत नाही. धनुर्वाताचे जंतू बीजाणूंच्या रूपात उकळत्या पाण्यातही टिकतात. शिवाय महाबळेश्वरच्या उंचीवर पाणी ९५-९६ अंशांनाच उकळतं, म्हणजे डोंगरातल्या दवाखान्यात उकळणं आणखी लंगडं. काळ्या रेघा उमटणारी पट्टी वापरणारे डॉक्टर असतात. ती पट्टी एवढंच सांगते की पुडकं तापलं होतं. आतले जंतू मेले का, हे बीजाणूंची चाचणी सांगते आणि ती एकट्या दवाखान्यात फारच क्वचित होते.

फ्रिजबद्दल लोकांची समजूत उलटी असते. लस उष्णतेने बिघडते हे सगळ्यांना माहीत आहे, म्हणून लोडशेडिंगच्या गावात डॉक्टर फ्रिज जास्तीत जास्त थंडवर ठेवतात. पण धनुर्वात, त्रिगुणी, हिपॅटायटिस बी या लशींमध्ये अॅल्युमिनियमचा क्षार असतो, त्या एकदा गोठल्या की कायमच्या निकामी होतात. वितळल्यावर बाटली दिसते तशीच. जोरात हलवून ठेवली तर गोठून गेलेल्या लशीचा गाळ चांगल्या लशीपेक्षा लवकर तळाशी बसतो, एवढीच काय ती खूण. हवं असतं २ ते ८ अंश, आणि ते राखायला थर्मामीटर आणि सकाळ-संध्याकाळ आकडा लिहायची एक वही, एवढं पुरतं. लस दारातल्या कप्प्यात ठेवायची नाही, कारण दार दिवसातून पन्नासदा उघडतं. त्यात कंपाउंडरचा डबा आणि दूध असेल तर साठदा. सरकारी लशीच्या बाटलीवर वर्तुळातल्या चौकोनाची खूण असते, उष्णतेने ती गडद होत जाते. पण गोठण्याबद्दल ती चकार शब्द काढत नाही.

ज्या गोष्टी वर्षातून एकदा लागतात त्यांची अवस्था सगळ्यांत वाईट. इंजेक्शननंतर एखाद्याला तीव्र अॅलर्जी येते, श्वास अडकतो, रक्तदाब खाली जातो. तिथे अॅड्रिनॅलिनचा अर्धा मिलि, मोठ्या माणसाच्या मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत, तोही लगेच. अॅड्रिनॅलिन हे स्वस्त औषध आहे. ते कपाटात नसतं असं नाही. मुदत संपलेलं असतं, किंवा डॉक्टर नसताना किल्ली त्यांच्या खिशात असते. ऑक्सिजनचा सिलिंडरही कोपऱ्यात उभा असतो, फक्त तो उघडायचा पाना सापडत नाही. पाना सिलिंडरलाच साखळीने बांधणं हा काही खर्चाचा भाग नाही.

सापाच्या बाबतीतही तसंच. घोणस किंवा फुरसं चावलं तर रक्त गोठेनासं होतं, आणि ते तपासायला प्रयोगशाळा लागत नाही: दोन मिलि ताजं रक्त कोरड्या काचेच्या नळीत घ्यायचं, वीस मिनिटं अजिबात न हलवता ठेवायचं, मग तिरपं करून बघायचं. पण नळी नवी, स्वच्छ आणि काचेचीच हवी. साबणाने धुतलेल्या किंवा प्लास्टिकच्या नळीत चांगलं रक्तही नीट गोठत नाही. अशी एक सीलबंद नळी कपाटात असणं आणि तिचा पत्ता कंपाउंडरला माहीत असणं यावर पुढचे निर्णय अवलंबून असतात, अगदी पेशंटला तालुक्याला पाठवायचं ठरलं तरीसुद्धा.

आता गुणवत्तेचा तो भाग, जो ट्रेमध्ये किंवा फ्रिजमध्ये दिसत नाही. जिष्णू दास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ग्रामीण मध्य प्रदेशात एक प्रयोग केला, तो २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. स्थानिक माणसांना शिकवून तयार केलं आणि पेशंट म्हणून दवाखान्यांत पाठवलं: एकाच्या छातीत दुखतंय, एकाला दमा, एकाचं मूल घरी जुलाबाने आजारी. दर पेशंटला मिळालेला वेळ सरासरी साडेतीन मिनिटांच्या थोडा वर. विचारायलाच हवेत अशा प्रश्नांपैकी आणि करायलाच हव्यात अशा तपासण्यांपैकी जेमतेम एक तृतीयांश झाल्या. पदवीवाले आणि बिनपदवीचे यांच्यातलं अंतर अपेक्षेपेक्षा कमी निघालं. याच गटाच्या पुढच्या अभ्यासात तर सरकारी डॉक्टर आपल्या खाजगी दवाखान्यात त्याच तक्रारीसाठी जास्त वेळ देताना आणि जास्त प्रश्न विचारताना आढळले. माणूस तोच, शिक्षण तेच. म्हणजे ज्ञान असतं, ते टेबलावर येत नाही. आणखी एक प्रशिक्षण शिबिर घेऊन हे कसं सुटणार, हे मला कळत नाही.

ते टेबलावर आणण्याचा एक जुना मार्ग म्हणजे लिहिणं. महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉ. हिंमतराव बावस्कर विंचूदंशाचे पेशंट बघत होते. लाल विंचू चावलेली धडधाकट माणसं फुप्फुसात पाणी होऊन मरत होती. बावस्करांनी पेशंटच्या उशाशी बसून नाडी, रक्तदाब, घाम, हातापायांचा गारठा यांच्या नोंदी केल्या, त्यांतून हृदयावर नेमकं काय होतंय याचा माग लागला आणि प्राझोसिन हे रक्तदाबाचं औषध इथे उपयोगी पडेल हे सुचलं. त्यांची निरीक्षणं १९८० च्या दशकात ‘लॅन्सेट’ने छापली. एकेकाळी तीस टक्क्यांच्या घरात असलेलं मृत्यूचं प्रमाण दोन-तीन टक्क्यांवर आलं. या कथेतला पराक्रम आपण आवडीने सांगतो. नोंदवहीचा भाग मात्र गाळतो.

आजच्या दवाखान्यात कागद असतोच असं नाही. औषधाच्या कंपनीने दिलेल्या पॅडवर चिठ्ठी लिहिली जाते, ती पेशंटबरोबर जाते, धुण्यात भिजते. डॉक्टरांकडे काहीच उरत नाही. वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांनी कागदपत्रं तीन वर्षं ठेवायला सांगितलं, तेही दाखल पेशंटची. पुन्हा खाटच मोजली. साधा केसपेपर, वर लाल शाईत ‘सल्फा चालत नाही’, खाली मागचा रक्तदाब आणि चालू गोळ्या, एवढ्यानेसुद्धा साडेतीन मिनिटांतली दोन मिनिटं वाचतात. २०१७-१८ पासून भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमाने हेच केलं. महाराष्ट्रात तो सातारा, सिंधुदुर्ग, भंडारा आणि वर्धा इथे आधी आला. तीन-चार स्वस्त औषधं ठरलेल्या क्रमाने, आणि प्रत्येक पेशंटचं एक कार्ड. कार्डामुळे कोण आला नाही हे कळतं. मनातल्या आठवणीतून न आलेला पेशंट कधीच कळत नाही, कारण समोरची रांग भरलेलीच असते. आणि रक्तदाब मोजायचा तर पाच मिनिटं बसवून, दंडाच्या जाडीला बसेल असा पट्टा बांधून. फाट्यावरून चालत आलेल्या, धापा टाकणाऱ्या माणसाच्या दंडाला आखूड पट्टा लावला तर आकडा फुगणारच, मग गोळी आयुष्यभर.

खेड्यातले पुष्कळ डॉक्टर औषध स्वतःच देतात आणि आपल्या पेशंटपुरती कायद्याने त्यांना तशी मुभाही आहे. कागदाच्या पुडीत तीन रंगांच्या गोळ्या, छोट्या बाटलीत ओतलेलं लाल मिक्श्चर. स्वस्त पडतं, म्हणून मी त्याला नाक मुरडणार नाही. पण सप्टेंबर-ऑक्टोबर २०२५ मध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा जिल्ह्यात, परासिया भागात, खोकल्याच्या सिरपने वीसहून अधिक मुलं गेली. मूत्रपिंडं बंद पडलेल्या कित्येक मुलांना नागपूरच्या रुग्णालयांत आणलं होतं. सिरपमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल ४८.६ टक्के होतं. चालतं ते ०.१ टक्क्यापर्यंत. हेच विष १९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात ग्लिसरॉलमधून १४ जणांच्या पोटात गेलं होतं, लेंटिन आयोग त्यावरच बसला होता. विष डॉक्टरांनी बनवलं नव्हतं आणि बाटली बघून ते ओळखूही येत नाही. डॉक्टरांच्या हातात दोनच गोष्टी असतात. लहान मुलाच्या साध्या सर्दीला सिरप न देणं ही पहिली. क्लोरफेनिरामिन-फिनाइलएफ्रिनचं मिश्रण चार वर्षांखाली देऊ नये असं केंद्रीय औषध नियंत्रकांनी २०२३ मध्येच सांगितलं होतं. दुसरी, दिलेल्या औषधाचा बॅच क्रमांक लिहून ठेवणं. बॅच परत मागवायची वेळ आली तर वही असलेला डॉक्टर संध्याकाळपर्यंत पन्नास घरी फोन करू शकतो. मोठ्या बाटलीतून छोट्या बाटलीत ओतणाऱ्याला आपण कुणाला काय दिलं हेच सांगता येत नाही.

राहिला कचरा. जैववैद्यकीय कचऱ्याचे २०१६ चे नियम खाटा बघत नाहीत, एका खोलीच्या दवाखान्यालाही लागतात. सुया आणि ब्लेड पांढऱ्या, न भोसकणाऱ्या डब्यात. सुई काढलेली सिरिंज आणि हातमोजे लाल पिशवीत. रक्ताचा कापूस पिवळ्या. काचेच्या बाटल्या निळ्यात. नियम स्पष्ट आहेत. गाडी येत नाही. कचरा नेणाऱ्या सामाईक केंद्राच्या गाडीला आडवाटेचं गाव परवडत नाही, मग पांढरा डबा भरतो आणि कुणाच्या तरी शेताच्या बांधाला रिकामा होतो. मोडासामध्ये वापरलेल्या सिरिंज गोळा करून पुन्हा विकायला काढल्याचं उघड झालं होतं, म्हणून सुई मोडून, सिरिंज कापून मगच टाकायची. तालुक्यातल्या डॉक्टरांनी मिळून गाडीचा एक वार ठरवून घेतला की हा प्रश्न बराचसा सुटतो, आणि जिथे तो सुटलाय तिथे याच रीतीने सुटलाय.

या सगळ्याला पैसे किती लागतात? थर्मामीटर, वह्या, एक काचेची नळी, पान्याला साखळी. खरा खर्च वेळेचा आहे, आणि गावात वेळेची फी नाही. तपासणी, सुई आणि दोन दिवसांच्या गोळ्या मिळून एक रक्कम, अशी चाल आहे. सुई दिली नाही तर पेशंट विचारतो, ‘मग पैसे कशाचे?’ त्याचं म्हणणं हिशेबाला धरून आहे, कारण इतकी वर्षं आपण त्याला सुईचेच पैसे मागत आलो. काही डॉक्टरांनी ‘तपासणी फी’ वेगळी लिहून भिंतीवर लावली आहे, कुठल्याही नियमाची त्यांच्यावर सक्ती नसताना. सुरुवातीला पेशंट कमी होतात, काही समोरच्या दवाखान्यात जातात. काही परत येतात, विशेषतः लहान मुलांच्या आया.